पेन्सिल कोणाच्या हातात? – प्रभागरचना आणि आपलं बदलत गेलेलं मत

(मिहान, नागपूर इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज इकडे येताना मी खापरीला मेट्रोतून उतरलो आणि पुढे ऑटो केला. जाता जाता ऑटोवाल्या दादांना विचारलं, "दादा, तुमचा नगरसेवक कोण?" ते म्हणाले, "काहून जी, काही काम हाय का?" म्हटलं, काम नाही, सहज विचारतोय. तर ते हसले. "आमच्याकडं नगरसेवक नसते साहेब, ग्रामपंचायत हाय. तिकडं चिंचभवनच्या बाजूनं चार-चार हायेत म्हणते."

माझं आजचं भाषण खरं तर त्यांनी दोन वाक्यांत संपवलं होतं. (हशा) रस्त्याच्या एका बाजूला चार नगरसेवक, दुसऱ्या बाजूला एकही नाही. मधली रेघ कोणी काढली, कधी काढली आणि पुढच्या निवडणुकीला ती तिथंच राहील का, यावर आपण फारसं बोलत नाही. बोललोच तर 'आमचा लेआउट त्या प्रभागात कसा काय गेला' एवढंच बोलतो. प्रभागरचनेबद्दल नागपूरकरांचं मत गेल्या पंचवीसेक वर्षांत कसं बदललं, ते मला आज तपासायचं आहे. त्यात माझं स्वतःचं मतही आलं. त्याची तपासणी जरा कडक करणार आहे, कारण ती मला हक्कानं करता येते.

3, 1, 2, 4, 1, 3, 4

हा लॉटरीच्या तिकिटाचा नंबर नाही. एका प्रभागातून किती नगरसेवक निवडायचे, याची ही आपल्या राज्यातली वाटचाल आहे. मुंबई सोडून. मुंबईत एक वॉर्ड, एक नगरसेवक ही पद्धत कायम राहिली. तिथं भांडण झालं ते 227 की 236 या एकूण संख्येवरून.

2002 ला आपण तीन सदस्यांच्या प्रभागातून निवडणूक लढलो. 2007 ला एक सदस्य आला. नागपुरात 136 वॉर्ड, 136 नगरसेवक. 2012 ला दोन सदस्य, एकूण जागा 145. हे तिन्ही निर्णय काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारांच्या काळातले. 2017 ला भाजप-शिवसेनेच्या सरकारनं चार सदस्यांचा प्रभाग आणला. नागपुरात 38 प्रभाग आणि 151 जागा झाल्या. 37 प्रभाग चारचे आणि शेवटचा एक तीनचा. 2019 च्या डिसेंबरात महाविकास आघाडीनं पुन्हा एक सदस्याचा कायदा केला. त्या कायद्यानं इथं एकही निवडणूक झाली नाही, तोवर 2021 च्या सप्टेंबरात त्याच सरकारनं तीनचा प्रभाग ठरवला. नागपूरसाठी 52 प्रभाग आणि 156 जागांचं प्रारूप निघालं. 2022 च्या जूनअखेर सरकार बदललं आणि ते सगळं बाजूला ठेवून गाडी पुन्हा 2017 च्या रुळावर आली. 15 जानेवारी 2026 ला आपण मतदान केलं ते पुन्हा 38 प्रभाग आणि 151 जागांसाठी.

आता याच्या शेजारी दुसरी रचना ठेवून बघा. विधानसभेचे मतदारसंघ न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या परिसीमन आयोगानं आखले आणि ते 2008 ला लागू झाले. विदर्भाच्या 66 जागांच्या 62 झाल्या, लोकसभेच्या 11 च्या 10 झाल्या. आपल्याला ते लागलं, अजूनही लागतं. नागपूर शहरात मात्र पाचाचे सहा मतदारसंघ झाले, दक्षिण-पश्चिम हा नवा आला. त्यानंतर 2009, 2014, 2019 आणि 2024 अशा चार निवडणुका झाल्या. दरम्यान मुंबईत सरकारं बदलली, मुख्यमंत्री बदलले, पक्षसुद्धा फुटले. मतदारसंघाची रेघ हलली नाही. आज कोणालाही विचारा, आपला आमदार कोण ते सांगेल. मतदारसंघ कोणता, तेही सांगेल. प्रभाग क्रमांक विचारा, तो मोबाइल काढतो.

लोकांना नगरसेवकात रस नाही, असं आपण म्हणतो. मला ते पटत नाही. नळ, गडर लाइन, कचरागाडी, रस्त्यावरचा दिवा यांच्याशी माणसाचा संबंध आमदारापेक्षा नगरसेवकामुळे जास्त येतो. रस असतो. पण ओळख पक्की व्हायच्या आत पत्ता बदलतो.

आपण काय काय म्हणत आलो

माझ्या आठवणीप्रमाणे आपलं मत चार टप्प्यांतून गेलं.

पहिल्या टप्प्यात, 2002 च्या आसपास, तक्रार साधी होती. काम न्यायचं कोणाकडे? तिघंही म्हणायचे, तो भाग माझ्याकडे नाही. प्रभागाच्या आत त्यांनी आपापसात वाटणी करून घेतलेली असायची आणि मतदाराला त्या वाटणीचा नकाशा कोणी दिलेला नसायचा.

दुसरा टप्पा 2007 चा. एक वॉर्ड, एक माणूस. लोकांना हायसं वाटलं. पण त्याही पद्धतीचं कौतुक आज जरा जास्त होतं, हे सांगायला हवं. पंधराएक हजार वस्तीचा वॉर्ड म्हणजे एखाद्याची सुभेदारी व्हायला सोयीचा. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला की फ्लेक्सवर बाईंचा फोटो लहान आणि भाऊंचा मोठा, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आरक्षणाची चिठ्ठी निघाली की पाच वर्षं काम केलेला माणूस एका दिवसात बाहेर. मोठ्या प्रभागाच्या बाजूनं बोलणारे म्हणतात की चार जागांत महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि सर्वसाधारण अशी वाटणी एकाच प्रभागात बसते. कोणाचा पूर्ण रस्ता बंद होत नाही. हा मुद्दा खरा आहे. तो झटकून टाकणारा माणूस प्रामाणिकपणे वाद घालत नाही.

पण त्याच पद्धतीची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. चार जागा म्हणजे अ, ब, क, ड अशा चार स्वतंत्र लढती. मतदार चार बटणं दाबतो. चौघांचा अभ्यास करायला वेळ कोणाला? तो पॅनल बघतो, चिन्ह बघतो. साधारण 65 हजार वस्तीत घरोघरी फिरायचं तर माणसं आणि पैसा लागतो. दोन मोहल्ल्यांत चांगलं काम केलेला अपक्ष तिथं टिकत नाही. 2017 ला नागपुरात 151 पैकी 108 जागा एका पक्षाला मिळाल्या. त्या पक्षाची ताकद होती, हे मान्यच. पण थोड्या आघाडीचं मोठं बहुमत करून देण्याचा गुण या रचनेत आहे. आणि तो कोणत्याही पक्षाच्या बाजूनं काम करू शकतो.

म्हणून तिसऱ्या टप्प्यात, साधारण 2012 ते 2021 या काळात, लोक शहाणे झाले, की निर्ढावले म्हणू? आपण म्हणायला लागलो, "सत्ता बदलली की प्रभाग बदलतो. सगळे सारखेच." हे वाक्य मी पानठेल्यावर ऐकलंय, प्राध्यापकांच्या खोलीत ऐकलंय आणि स्वतः म्हटलंय.

आता माझी कबुली. 2016 ला चारच्या प्रभागाविरुद्ध मी बोललो होतो. सभा घेतल्या, पत्रकं काढली. मतदार आणि प्रतिनिधी यांच्यातलं अंतर वाढतं, हा माझा मुद्दा. 2021 ला एकाचे तीन झाले तेव्हा तोच मुद्दा तितकाच लागू होता. मी गप्प बसलो. एका मित्रानं विचारलं तर म्हणालो, "चारपेक्षा तीन बरे." खरं कारण मला माहीत होतं. या वेळी पेन्सिल ज्यांच्या हातात होती, ते माझ्या नावडीचे नव्हते. माझा मुद्दा तत्त्वाचा नव्हताच मग, माणसांचा होता. या सभागृहात असे किती जण आहेत, हात वर करायला सांगत नाही. (हशा) पण 'सगळे सारखेच' म्हणताना त्या सगळ्यांत आपणही मोजले जातो, एवढंच.

एकमत कशावर झालं?

2022 च्या मार्चमधली गोष्ट आपल्या चर्चेतून निसटते. तोपर्यंत प्रभागांची संख्या आणि सीमा ठरवण्याचा अधिकार कायद्यानं राज्य निवडणूक आयोगाकडे होता. इतर मागासवर्गाचं आरक्षण न्यायालयात अडकलं होतं, निवडणुका तोंडावर होत्या, सरकारला वेळ हवा होता. तेव्हा विधिमंडळानं कायदा दुरुस्त करून हा अधिकार राज्य सरकारकडे घेतला. प्रत्येक गोष्टीवर भांडणारे सत्ताधारी आणि विरोधक या विधेयकावर एकत्र होते. आरक्षण वाचवायचं हा हेतू चुकीचा होता, असं मी म्हणणार नाही. पण तातडीचं काम झाल्यावर परत ठेवायची वस्तू आपण परत ठेवली का? 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयातही हाच कायदा टिकला. प्रभाग आखणं हे सरकारचं काम राहिलं. आज महापालिका आयुक्त प्रारूप तयार करतात, ते नगरविकास विभागामार्फत आयोगाकडे जातं, हरकती येतात, सुनावणी होते, अंतिम रचना निघते. आयोग शेवटी तपासतो. पहिली रेघ सरकारच्या हाताखालचा अधिकारी काढतो.

नियम वाईट नाहीत, हेही सांगतो. क्रमांक उत्तरेकडून सुरू करून दक्षिणेकडे संपवायचे. लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्के खाली-वर चालेल, त्यापलीकडे नाही. जनगणनेचा प्रगणक गट फोडायचा नाही. नाले, मोठे रस्ते, रेल्वेलाइन यांना धरून हद्द ठेवायची. कागदावर चोख आहे. पण दहा टक्क्यांची मोकळीक दोन्हीकडे, आणि कोणता नाला धरायचा याची निवड, एवढ्या जागेत बरंच काही बसतं. म्हणून कोण आखतो हा प्रश्न उरतोच.

चौथा टप्पा: नसले तरी चालतं

मार्च 2022 ला नागपूर महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. निवडणूक झाली 2026 च्या जानेवारीत. जवळजवळ चार वर्षं या शहराला एकही नगरसेवक नव्हता. आणि या काळात मी एक नवं मत ऐकायला लागलो: "नगरसेवक नाहीत तर काय बिघडलं? शहर चाललंच ना."

मला सगळ्यात जास्त भीती या मताची वाटते.

23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवा. अंबाझरी ओसंडला, नाग नदी घरांत शिरली. माणसं गेली, तळमजल्यावरचे संसार वाहून गेले. नगरसेवक असते तर पाऊस कमी पडला असता, असं कोणी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या सभागृहात उभं राहून 'धरणाची भिंत, सांडवा, नदीतली बांधकामं यांची जबाबदारी कोणाची' असं विचारणारं एकही निवडून आलेलं माणूस नव्हतं. कारण सभागृहच नव्हतं. रहिवाशांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जावं लागलं. ते गेले, बरं झालं. पण ज्याला वकील करता येतो त्याचाच प्रश्न विचारला जातो, अशी वेळ शहरावर येऊ नये.

निवडणूक लांबण्याचं कारण एकटी प्रभागरचना नव्हती. आरक्षणाचा खटला मोठा होता. पण दर वेळी नवी रचना, नवी याचिका, नवी तारीख, यानं लांबण्याला हातभार लागला. बंगळुरूत याहून वाईट झालं. तिथं 2020 ला मुदत संपली. मग 198 वॉर्डांचे 243, 243 चे 225, आणि शेवटी महापालिकेचेच पाच तुकडे. निवडणूक मात्र पुढेच सरकत राहिली.

मिहानच्या रेघेवरून

आता आपल्या इथलं. गेल्या वर्षीची प्रभागरचनासुद्धा 2011 च्या जनगणनेवर झाली, कारण 2021 ची जनगणना झालीच नाही. 2011 ला इथं एम्स नव्हतं, आयआयएम नव्हतं, मेट्रो नव्हती. वर्धा रोडच्या दोन्ही अंगांना, मनीषनगरपासून चिंचभवनपर्यंत, आज ज्या इमारती दिसतात त्यातल्या कितीतरी तेव्हा नुसत्या प्लॉटच्या खुणा होत्या. म्हणजे कागदावर सगळे प्रभाग जवळपास सारखे, आणि प्रत्यक्षात शहराच्या या टोकाचा प्रभाग फुगलेला. इथल्या माणसाचं मत जुन्या वस्तीतल्या माणसाच्या मतापेक्षा हलकं. यात कोणाचा कट नाही. जुना आकडा वापरला की असं आपोआप होतं.

आणि रेघेच्या पलीकडे? मिहानचं नियोजन महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी करते. ही सरकारी कंपनी आहे. तिच्या संचालकांना आपण निवडून देत नाही. खापरीत ग्रामपंचायत आहे, पण शेजारी उभ्या राहिलेल्या नव्या शहराचा रस्ता कुठून जाईल, ते ग्रामपंचायत ठरवत नाही. ज्यांच्या जमिनी या प्रकल्पात गेल्या त्या गावांना हे वेगळं सांगायला नको. आपण एक, तीन की चार यावर वाद घालतो, आणि ऑटोवाले दादा त्या वादात कुठल्याच आकड्यात नाहीत.

बाहेर काय झालं

अमेरिकेत या खेळाला जुनं नाव आहे, जेरीमँडर. 1812 ला मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नर जेरींच्या काळात एक मतदारसंघ असा वेडावाकडा आखला गेला की व्यंगचित्रात तो सॅलमँडर प्राण्यासारखा दिसला. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 2008 आणि 2010 मध्ये मतदान करून ही पेन्सिल नेत्यांकडून काढली आणि नागरिकांच्या आयोगाकडे दिली. जगभर कौतुक झालं. 2025 ला टेक्सासनं मुदतीआधीच आपले मतदारसंघ सत्ताधाऱ्यांच्या सोयीचे करून घेतले. त्यावर त्याच कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबरमध्ये आयोगाचा नकाशा काही वर्षांसाठी बाजूला ठेवायला मोठ्या बहुमतानं होकार दिला. समोरचा करतो तर आपण का नाही? माझं 2021 चं मौन याच जातीचं होतं. सुधारणेवरचा विश्वास उडायला वेळ लागत नाही.

इतकं लांब जायला नको. केरळात स्थानिक संस्थांचे वॉर्ड परिसीमन आयोग आखतो आणि त्याचे अध्यक्ष राज्य निवडणूक आयुक्त असतात. तिथंही आरोप होतात, हरकती येतात. पण दारावर पाटी सरकारी खात्याची नसते.

मग मागायचं काय?

मी तीनच गोष्टी सांगतो. पहिली: प्रभागात किती सदस्य, हे एकदा ठरवा आणि तो बदल लगेच येणाऱ्या निवडणुकीला लागू करू नका, त्याच्या पुढच्या निवडणुकीला करा. जो बदलेल त्याला फायदा मिळेलच याची खात्री नसली, की बदलण्याचा उत्साह बराच कमी होतो. दुसरी: पहिली रेघ आयोगानं काढावी. तिसरी: नवी जनगणना आता होते आहे, तिचे आकडे आले की शहराच्या या टोकाचा हिशेब आधी करा, आणि हद्दीबाहेर वाढलेल्या वस्तीला कोणत्या निवडून आलेल्या संस्थेत जागा, तेही त्याच वेळी ठरवा.

यात एक, दोन, तीन की चार, हे मी सांगितलं नाही. मला एक आवडतो. पण माझ्या आवडीचा आकडा उद्या सरकारनं रातोरात आणला, तर त्याला विरोध करण्याची तयारी माझ्यात हवी. ती 2021 ला नव्हती.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: सर, मी इथं एका आयटी कंपनीत आहे. माझं मतदान गावाकडे आहे. मला याचं काय?

– तुम्ही रोज ज्या रस्त्यावरून येता, ज्या पाण्यावर इथं राहता, त्याचा निर्णय इथं होतो. नाव इथल्या यादीत आणायचं की नाही, हा तुमचा निर्णय. पण इथं पाच-सात वर्षं राहणारी हजारो माणसं यादीत कुठेच दिसत नसतील, तर रेघ काढणाऱ्याला इथं मोकळं मैदान दिसतं.

प्रश्न: हरकती घेऊन काही होते का जी? आम्ही मागं घेतली होती. सुनावणीत दोन मिनिटं बोलू दिलं, झालं.

– बहुतेकदा काही होत नाही, खरं आहे. माझ्या पाहण्यात हरकती घेणारे जास्त करून इच्छुक उमेदवार असतात. 'अमुक लेआउट आमच्याकडे द्या' एवढीच त्यांची मागणी. अधिकाऱ्याला ते कळतं, म्हणून तोही कंटाळून ऐकतो. ज्याला निवडणूक लढवायची नाही अशा माणसाची हरकत अजून दुर्मीळ आहे. क्षेत्रसभेची तरतूद 2009 पासून महापालिकांच्या कायद्यात आहे. ती नीट भरली असती तर हेच बोलणं दोन मिनिटांत संपवावं लागलं नसतं. नवीन नगरसेवकांना पहिलं पत्र त्याचंच लिहा. तुमच्याकडे चार असतील तर चौघांना लिहा. निदान 'तो भाग माझ्याकडे नाही' असं कोण म्हणतो, ते तरी कळेल.

प्रश्न: आणि आमच्याकडं एकही नसला तर?

– (थांबून) तर जनगणनेवाले घरी येतील तेव्हा घरातलं एकही माणूस मोजायचं राहू देऊ नका. पुढची रेघ त्याच आकड्यांवर काढली जाणार आहे.